टर्बो इंजिनातील ई-८५ : इंधनाचे आणि त्यासाठी लागणाऱ्या साधनांचे परीक्षण

इथेनॉलचे प्रमाण पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक असलेले ई-८५ हे इंधन वेगवान गाड्यांच्या चाहत्यांमध्ये ‘पंपावर मिळणारे रेसिंग फ्युएल’ म्हणून ओळखले जाते, आणि ही ओळख बऱ्याच अंशी खरी आहे. मात्र हे परीक्षण एकट्या इंधनाचे करता येत नाही. मोठे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग), जास्त क्षमतेचा पंप, इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्या प्रमाणानुसार नव्याने केलेले ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग यांच्यावाचून ई-८५ टाकीत भरले, तर ताकद वाढणे दूरच, इंजिनाच्या जिवाशी खेळ होतो. मी हा सारा संच दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या, पोर्ट इंजेक्शन (सिलिंडरबाहेर, इनटेकच्या मार्गात इंधन फवारण्याची पद्धत) असलेल्या टर्बोचार्ज्ड इंजिनावर वापरला आहे. त्यामुळे पुढील मते प्रामुख्याने अशा इंजिनांना लागू पडतात. डायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणारी) आणि टर्बो नसलेली इंजिने यांचा विचार जेथे वेगळा करावा लागतो, तेथे तसे सांगितले आहे.

प्रथम एका विसंगतीचा उलगडा करायला हवा, कारण बहुतेकांची शंका तेथूनच सुरू होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये जेमतेम २१. मग कमी ऊर्जेचे इंधन जास्त ताकद कसे देते? इंजिनाची ताकद शेवटी त्यात किती हवा शिरते यावर ठरते. इंधन त्या हवेच्या प्रमाणात सोडले जाते. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला केवळ ९. म्हणजेच तेवढ्याच हवेत इथेनॉल बरेच जास्त जाळता येते, आणि हिशेब मांडला तर एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळजवळ सारखीच येते. केवळ इंधन बदलल्याने ताकद घटत नाही आणि फारशी वाढतही नाही. वाढ येते ती इंजिनाकडून पूर्वी करून घेता येत नसलेल्या गोष्टी आता करून घेता येतात म्हणून.

टर्बो इंजिनाची मर्यादा बहुतेक वेळा नॉकिंग ही असते. स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेला उरलेले तापलेले, दाबलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि दाबाचा तडाखा पिस्टनवर बसतो. तो टाळण्यासाठी ट्यूनर इग्निशन टायमिंग मागे घेतात (म्हणजे ठिणगी उशिरा पाडतात), बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) आवरतात आणि मिश्रणात जास्तीचे पेट्रोल घालून सिलिंडर थंड ठेवतात. या तिन्ही उपायांची किंमत ताकदीतच मोजावी लागते. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन क्रमांक (नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता दाखवणारा आकडा) १०८-१०९ च्या आसपास आहे. शिवाय त्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असतो. त्यात त्याचे प्रमाणही जास्त सोडावे लागत असल्याने एक किलो हवेमागे शोषली जाणारी उष्णता पेट्रोलच्या सुमारे चौपट होते. सिलिंडरमधील मिश्रण थंड राहते, नॉकिंग लांबते, आणि मागे घेतलेले टायमिंग पुढे आणता येते. पोर्ट इंजेक्शनमध्ये यांतील काही उष्णता हवेऐवजी इनटेक पोर्टच्या तापलेल्या भिंतींतून घेतली जाते, त्यामुळे थंडाव्याचा पुरेपूर लाभ डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांनाच मिळतो. तरीही माझ्या अनुभवात पोर्ट इंजेक्शनवरचा लाभसुद्धा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हे नुसते ट्यूनरांचे बोलणे नाही, याची साक्ष कारखान्यातून आलेल्या गाड्या देतात. स्वीडनच्या कोनिगसेगची येस्को साध्या पेट्रोलवर १२८० अश्वशक्ती देते आणि ई-८५ वर १६००. २०२३ साली आलेली डॉज चॅलेंजर एसआरटी डेमन १७० ई-१० (सुमारे दहा टक्के इथेनॉल असलेल्या) इंधनावर ९०० आणि ई-८५ वर १०२५ अश्वशक्ती देते. परंतु मला या दोन्हींपेक्षा अधिक शिकवून जाणारे उदाहरण साबच्या ९-५ बायोपॉवरचे वाटते. २००५ च्या सुमारास बाजारात आलेली ती दोन लिटरची, कुटुंबासाठी घेतली जाणारी टर्बो गाडी पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देई आणि टाकीत ई-८५ असल्याचे ईसीयूच्या लक्षात आले की बूस्ट व टायमिंग वाढवून १८० देई. चालकाला एकही बटण दाबावे लागत नसे. सुधारित गाड्यांच्या बाजारात आज जे संच ‘फ्लेक्स फ्युएल किट’ या नावाने विकले जातात, ते हेच काम करू पाहतात, फक्त त्यांच्यामागे कारखान्याची चाचणी नसते, आणि हा फरक पुढे अनेक ठिकाणी जाणवतो.

चालवतानाचा अनुभव सांगायचा तर जाहिरातीत मिरवला जाणारा कमाल अश्वशक्तीचा आकडा मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. खरा बदल मधल्या आरपीएममध्ये आहे. टर्बो पूर्ण दाबावर आल्यानंतर लगेचच, म्हणजे जेथे पेट्रोलवर नॉकिंगच्या भीतीने टायमिंग सर्वाधिक मागे घ्यावे लागते त्या भागात, टॉर्क लक्षणीय वाढतो आणि गिअर न बदलता ओव्हरटेक करण्याची मुभा मिळते. दुसरा लाभ सातत्याचा. उन्हाळ्यात, ट्रॅकवर एकामागून एक फेऱ्या मारताना, पेट्रोलवर चालणारी गाडी हळूहळू मलूल होते. इनटेकची हवा तापते, नॉक सेन्सर टायमिंग ओढून घेतो आणि पहिल्या फेरीतला जोर नंतर उरत नाही. ई-८५ वर ही घसरण फार कमी होते. एक्झॉस्टचे तापमानही उतरते, ही गोष्ट टर्बोच्या टर्बाइनसाठी आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी हिताची आहे. ज्याला ट्रॅकवर गाडी चालवायची आहे, त्याने एवढ्या एका गुणासाठीही या इंधनाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनांच्या मालकांना मात्र मी हा खर्च करण्याचा सल्ला देणार नाही. साधारण कॉम्प्रेशनचे असे इंजिन चांगल्या पेट्रोलवरच आपल्या सर्वोत्तम टायमिंगपर्यंत पोचलेले असते. तेथून टायमिंग आणखी पुढे नेल्यास टॉर्क वाढण्याऐवजी घटतो, आणि उरलेल्या ऑक्टेनचा उपयोग काहीच होत नाही. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) १२ किंवा १३ च्या पुढे नेऊन नव्याने बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. पण तो उद्योग इंधन बदलण्याचा राहत नाही, इंजिन बदलण्याचा होतो.

आता साधनांकडे वळतो, कारण पैसा आणि धोका दोन्ही तेथेच आहेत. ई-८५ च्या वापरात आकारमानाने सुमारे ४० टक्के जास्त इंधन सोडावे लागते, तेही ताकद तेवढीच ठेवली तर. बूस्ट वाढवून ताकद वाढवली की गरज आणखी वाढते. मूळचे इंजेक्टर पेट्रोलवर पूर्ण जोरात आधीच ऐंशी टक्के वेळ उघडे राहत असतील, तर चाळीस टक्के जास्त इंधन ते आणणार कोठून? इंजेक्टर सतत उघडा राहू लागला की मिश्रण पातळ होते, आणि जास्त बूस्टवर पातळ झालेले मिश्रण पिस्टन वितळवू शकते. तीच गत टाकीतील पंपाची. पंपाची क्षमता बऱ्याचदा शून्य किंवा कमी दाबावर छापलेली असते. पण बूस्ट वाढत जातो तसा इंधनाचा दाबही रेग्युलेटर त्याच प्रमाणात वाढवत नेतो, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणून पंप निवडताना आपल्या कमाल दाबावर तो किती इंधन देतो हा आलेख पाहावा, खोक्यावरचा मोठा आकडा पाहू नये. पंपाला जाणारी वायरही जाड आणि स्वतंत्र रिलेची असावी. जुन्या, बारीक वायरीतून व्होल्टेज गळते आणि नवा पंप जुन्यासारखाच वागतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत गुंतागुंत वाढते. तेथे कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्शनसाठी मिळणारा अत्यंत थोडा वेळ या दोन्ही मर्यादा एकाच वेळी आड येतात. इनटेकच्या मार्गावर पोर्ट इंजेक्टरांचा दुसरा संच बसवणे हा त्यावरचा एक मार्ग आहे, पण तो सोपाही नाही आणि नीटनेटकाही नाही. अशा गाड्यांच्या मालकांसाठी मधल्या प्रमाणाचे मिश्रण हाच अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

संपूर्ण संचातील मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर. त्याचे तत्त्व साधे आहे. इथेनॉलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात भार साठवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे २४ आहे आणि पेट्रोलचा सुमारे २; त्यामुळे सेन्सरमधून वाहणाऱ्या इंधनाची विद्युत धारिता मोजली की त्यातील इथेनॉलचे प्रमाण कळते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात ही माहिती वारंवारतेच्या रूपाने मिळते : ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के, स्पंदनाच्या रुंदीतून इंधनाचे तापमानही समजते. ईसीयू या आकड्यावरून पेट्रोलचा आणि इथेनॉलचा असे दोन मॅप (इंधन, टायमिंग आणि बूस्ट ठरवणारे तक्ते) एकमेकांत मिसळतो आणि इंधन, टायमिंग व बूस्ट या तिन्ही गोष्टी त्या त्या क्षणाच्या मिश्रणाप्रमाणे ठरवतो. टाकीत उरलेल्या ई-८५ वर साधे पेट्रोल भरले तरी गाडी काही तक्रार न करता चालते, आणि ही निश्चिंती मला अश्वशक्तीइतकीच मोलाची वाटते. सेन्सर घेण्याऐवजी दोन वेगळे मॅप ठेवून स्विचने बदलण्याची पद्धत अजूनही दिसते. ती मी कोणालाही सुचवणार नाही, कारण ती माणसाच्या स्मरणावर अवलंबून आहे आणि ई-८५ चा मॅप लावलेल्या इंजिनात पेट्रोल गेल्यावर विसरभोळेपणाला क्षमा नसते.

सेन्सर हवाच, याचे दुसरे कारण खुद्द इंधनात दडलेले आहे. नावात ८५ असले तरी त्यात ८५ टक्के इथेनॉल असेलच असे नाही. अमेरिकेतील एएसटीएम डी५७९८ या मानकानुसार अशा इंधनात इथेनॉल आकारमानाने ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, आणि थंडीच्या दिवसांत गाडी सुरू व्हावी म्हणून ते मुद्दाम कमी ठेवले जाते. स्थिर प्रमाण गृहीत धरून केलेले ट्यूनिंग अशा वेळी फसते. ज्यांच्याकडे सेन्सर नाही त्यांच्यासाठी अंश कोरलेल्या काचनळीची जुनी चाचणी आहे : ठरावीक पाणी आणि ठरावीक इंधन नळीत हलवून ठेवले की इथेनॉल पाण्यात उतरते, पेट्रोल वर तरंगते, आणि दोघांमधली रेषा किती सरकली यावरून प्रमाण काढता येते. चाचणी भरवशाची आहे, पण प्रत्येक वेळी टाकी भरताना ती करणारा मालक विरळाच.

ई-३० च्या (३० टक्के इथेनॉलच्या) आसपासच्या मिश्रणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या विषयातील सर्वांत किफायतशीर जागा तीच आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. इथेनॉलचे प्रमाण वाढवत नेले तर ऑक्टेन सारख्या वेगाने वाढत नाही. सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि ४० टक्क्यांनंतर वाढ मंदावते. याचे कारण रेणूंच्या संख्येत आहे. इथेनॉलचा रेणुभार ४६, तर पेट्रोलमधील घटकांचा सरासरी रेणुभार १०० च्या घरात असतो. त्यामुळे आकारमानाने ३० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणात रेणूंच्या हिशेबाने जवळपास निम्मे इथेनॉल असते. नॉकिंगविरोधी लाभाचा मोठा हिस्सा हाती येतो, आणि इंधनाची वाढीव गरज मात्र १२ ते १३ टक्क्यांच्या आसपासच राहते. पुष्कळ डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचे मूळ पंप एवढा भार उचलू शकतात. तोटा एकच : असे मिश्रण बहुधा स्वतः टाकीत पेट्रोल आणि ई-८५ ठरावीक प्रमाणात भरून तयार करावे लागते, आणि वर सांगितल्याप्रमाणे ई-८५ चे प्रमाणच बदलते असल्यामुळे तो हिशेब सेन्सरवाचून अंदाजाचाच राहतो.

याउलट ई-१० सारख्या कमी प्रमाणाच्या मिश्रणाकडून वेगवान गाडीच्या मालकाने ताकदीची अपेक्षा ठेवू नये. त्यात लिटरमागे तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी असते, आणि पंपावर येताना त्याचा ऑक्टेन पेट्रोलच्या ठरलेल्या दर्जापुरताच जुळवलेला असतो. फॉर्म्युला वनने २०२२ साली ई-१० स्वीकारले ते पर्यावरणाच्या कारणासाठी, वेगासाठी नव्हे. इंडीकार मालिकेचा प्रवास अधिक रंजक आहे : २००७ साली तेथील गाड्या जवळजवळ शुद्ध इथेनॉलवर धावू लागल्या आणि २०१२ साली टर्बो इंजिने परत आली तेव्हा ई-८५ आले.

दैनंदिन वापरातील तक्रारींपैकी पहिली थंडीत गाडी सुरू करण्याची. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या तापमानातही पेट घेण्याइतकी वाफ देते. शुद्ध इथेनॉलला त्यासाठी १३ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. ई-८५ मधले उरलेले पेट्रोलच सुरुवातीची ठिणगी पकडते. ब्राझीलमध्ये २००३ पासून विकल्या जाणाऱ्या फ्लेक्स गाड्यांना सुरुवातीच्या काळात याच कारणाने पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी दिलेली असे. माझ्या गाडीत थंड सकाळी सुरुवातीच्या मिश्रणात इंधन वाढवणारा मॅप ट्यूनरकडून पुन्हा पुन्हा सुधारून घ्यावा लागला, आणि या कामाचा उल्लेख किटच्या माहितीपत्रकात कोठेही नव्हता. ट्यूनिंगचे दर विचारताना थंड सुरुवातीचे काम त्यात धरले आहे का, हे आवर्जून विचारावे. डायनोवरची (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची) पूर्ण थ्रॉटलची धाव कोणीही करून देतो.

दुसरी तक्रार तेलाची. थंड इंजिनात जास्तीचे सोडलेले इथेनॉल पिस्टन रिंगांवरून खाली झिरपते आणि ज्वलनातून तयार झालेल्या पाण्यासह इंजिन ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात तेल पुरेसे तापले की हे इथेनॉल आणि पाणी उडून जाते. जवळच्या फेऱ्यांसाठीच वापरल्या जाणाऱ्या गाडीत मात्र ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधट, फेसाळ थर दिसू लागतो. उपाय दोनच : इंजिन नीट तापू देणे आणि तेल नेहमीपेक्षा लवकर बदलणे. स्पार्क प्लगही एक पायरी थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे) घ्यावेत, कारण इथेनॉलला नॉकिंग सहसा होत नसले तरी तापलेल्या पृष्ठभागावर ठिणगीआधीच पेट घेण्याची त्याची वृत्ती पेट्रोलपेक्षा अधिक आहे, आणि हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गंजाविषयीची भीती काही अंशी खरी आणि काही अंशी जुनी आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि वीजही पेट्रोलपेक्षा चांगली वाहून नेते, त्यामुळे उघडे ॲल्युमिनियम, जस्त आणि शिसेमिश्रित मुलामा असलेल्या जुन्या टाक्या यांना त्याचा त्रास होतो; नैसर्गिक रबर फुगते आणि भेगाळते. स्टेनलेस स्टील, टेफ्लॉनच्या नळ्या आणि व्हिटॉनच्या (रसायनांना टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या) सील यांना काही होत नाही. पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसण्याचा धोका ई-८५ पेक्षा ई-१० मध्ये अधिक असतो. ई-१० मध्ये अर्धा टक्का पाणीही थर फुटायला पुरते. ई-८५ त्याहून कितीतरी जास्त पाणी आपल्यात सामावून घेते. जुन्या गाडीत पहिल्यांदा ई-८५ भरल्यावर वर्षानुवर्षे टाकीत साचलेला चिकट थर इथेनॉल विरघळवते आणि तो सारा फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलणे क्रमप्राप्त आहे. गाडी अनेक महिने उभी ठेवायची असेल, तर शेवटच्या टाकीत साधे पेट्रोल भरून ते इंजेक्टरांपर्यंत पोचेपर्यंत गाडी चालवावी आणि मगच ती झाकून ठेवावी.

मायलेजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : ते पाव ते एक तृतीयांशाने उतरते, आणि टाकी तेवढ्याच प्रमाणात लवकर रिकामी होते. ई-८५ विकणारे पंप दूर असतील, तर ही गैरसोय रोजच्या जगण्यात खर्चापेक्षा जास्त टोचते.

खरेदीच्या क्रमाबद्दल मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण किट विकणारे तो नेमका उलटा सुचवतात आणि आधी सेन्सर व ट्यूनिंग गळ्यात मारतात. आधी पंप, त्याची वायरिंग आणि इंजेक्टर बदलून घ्यावेत आणि पेट्रोलवरच वाइडबँड लॅम्ब्डा मीटर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) व इंधनाच्या दाबाचा सेन्सर लावून पूर्ण जोरात दाब टिकतो का ते तपासावे. दाब शेवटच्या आरपीएमपर्यंत ढळत नसेल, तरच इथेनॉलचा सेन्सर आणि त्याचे ट्यूनिंग घ्यावे. आणि ट्यूनरला असे बजावावे की सेन्सरचा संकेत तुटला किंवा दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला, तर ईसीयूने बूस्ट तत्काळ कमीत कमी पातळीवर आणला पाहिजे. ही तरतूद करून द्यायला जो ट्यूनर खळखळ करतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.